जुन्या स्टुडिओ मॉनिटर स्पीकरांच्या आवाजाची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी गेली काही वर्षे जुन्या स्टुडिओ मॉनिटरच्या जोड्या ऐकायला, तपासायला आणि एकमेकींशी ताडून पाहायला मंडळी येत असतात. कोणी घरीच रेकॉर्डिंग करणारे असतात, कोणी गाणे शिकणारे, तर कोणाच्या माळ्यावर वडिलांनी परदेशातून आणलेली जोडी वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेली असते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मला अनुभवाने पटलेली उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : स्टुडिओ मॉनिटर आणि घरी गाणी ऐकण्याचा स्पीकर यांत मुळात फरक काय?

फरक हेतूचा आहे. घरच्या स्पीकरने ऐकणाऱ्याला आनंद द्यावा एवढी अपेक्षा असते. मॉनिटरने ध्वनिमुद्रणात काय साधले आणि काय बिघडले हे कामाला बसलेल्या माणसाला दाखवावे, अशी अपेक्षा असते. मात्र ही सीमारेषा पक्की नाही. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणूनच बाजारात आला होता आणि स्टुडिओंनी त्याला नंतर आपलेसे केले. उलट जेबीएलचा ४३१० हा स्टुडिओसाठी केलेला मॉनिटर १९७० साली एल-१०० या नावाने घराघरांत गेला. म्हणून खोक्यावर ‘मॉनिटर’ असे छापलेले आहे एवढ्यावरून आवाजाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : तुलनेसाठी कोणत्या जुन्या जोड्या विचारात घ्याव्यात?

प्रत्येक मॉनिटर कोणत्या कामासाठी घडवला गेला हे माहीत असल्याशिवाय तुलनेला अर्थ येत नाही, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

टॅनॉयने १९४७ साली ड्युअल कॉन्सेंट्रिक ही रचना आणली. तीत वूफर (खालचे स्वर काढणारा मोठा भाग) आणि उच्च स्वरांचा हॉर्न एकाच अक्षावर, एकात एक बसवलेले असतात, त्यामुळे सगळा आवाज एकाच बिंदूतून आल्यासारखा वाटतो. ब्लॅक, सिल्व्हर, रेड आणि गोल्ड अशी तिची रूपे पुढे येत गेली. अमेरिकेत ऑल्टेकचा ६०४ हा याच विचाराचा आणि १९४० च्याच दशकातला. त्याच कुळातला ६०५ए हा साठच्या दशकात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत वापरला जात असे.

बीबीसीचा एलएस ३/५ए हा सत्तरच्या दशकाच्या मध्यातला. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, जिथे हेडफोनखेरीज दुसरे काही मावणे अवघड, तिथे बोलण्याचा आवाज नीट पारखता यावा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी हा जेमतेम तीस सेंटिमीटर उंचीचा स्पीकर घडवला. त्यातला बी-११० वूफर आणि टी-२७ ट्वीटर (उच्च स्वरांचा छोटा भाग) दोन्ही केईएफ या ब्रिटिश कंपनीचे. रॉजर्स, स्पेंडर, चार्टवेल, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला. आधीची आवृत्ती १५ ओहम विद्युत रोधाची, तर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली ११ ओहमची आहे, आणि या दोन आवृत्त्याही एकमेकींसारख्या वाजत नाहीत.

एनएस-१० वर सांगितलाच. १९८७ साली त्याची एनएस-१०एम स्टुडिओ ही आवृत्ती आली आणि कोनसाठी (हलून आवाज काढणाऱ्या कागदी शंकूसाठी) लागणारा लगदा मिळेनासा झाल्यामुळे २००१ साली उत्पादन थांबले. शेवटी ऑराटोनचा ५सी : एकच छोटा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) असलेला चौकोनी डबा, ज्याचे काम एवढेच की सामान्य रेडिओवर किंवा टीव्हीवर मिश्रण (सगळे आवाज जुळवून केलेले मुद्रण) कसे ऐकू येईल ते सांगावे.

प्रश्न : माझ्याकडे जोडी आहे. ती लगेच लावून तुलना केली तर चालेल ना?

कृपया तसे करू नये. चाळीस वर्षांचा स्पीकर हा त्याच्या मॉडेलचा प्रतिनिधी असतोच असे नाही.

माझा अनुभव सांगतो. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून मी एक जोडी ‘सर्व भाग मूळचे’ या शब्दावर घेतली होती. डावा स्पीकर उजव्यापेक्षा किंचित कोंदट वाटायचा. तीन महिने मी खोलीला दोष दिला, मग त्या मॉडेललाच दोष दिला आणि तसे दोघातिघांना बोलूनही दाखवले. अखेर वूफर खोलून पाहिला, तेव्हा कळले की डाव्याचा कोन कधीतरी बदलून दुसऱ्याच जातीचा बसवलेला होता; कडेच्या डिंकाची रेघसुद्धा वेगळ्या रंगाची होती. त्या तीन महिन्यांत त्या स्पीकरबद्दल मी जे मत केले होते, ते सगळे मला मागे घ्यावे लागले.

तेव्हापासून आधी तपासणी करायची, ऐकायचे मागाहून, असा माझा क्रम आहे. जाळी काढून दिवसाच्या उजेडात कोनची कड पाहावी. जेबीएलच्या २२३१ सारख्या पंधरा इंची वूफरांना आणि टॅनॉयच्या एचपीडी मालिकेला फोमची कड असते. ती वयाने कुजते, आणि आपल्याकडे एकामागून एक पावसाळे काढलेली असेल तर बोट लावताच चिकट काळा भुगा हाताला येतो. बी-११० ची कड कृत्रिम रबराची आणि ४३१० च्या बारा इंची वूफरची कापडाची, म्हणून तिथे हे संकट नसते. मग दोन्ही हातांची बोटे कोनवर समान अंतरावर टेकवून तो अगदी हलका आत ढकलावा. खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारे तारेचे वेटोळे) घासते आहे असे समजावे. ट्वीटरच्या घुमटाला मात्र हात लावू नये.

जेबीएलच्या ४३१० मध्ये समोर मध्य आणि उच्च स्वर कमी-जास्त करण्याच्या दोन फिरक्या असतात. वर्षानुवर्षे न हलवलेल्या फिरकीच्या आत गंज धरतो आणि ट्वीटर मधूनच जातो. अनेकदा ‘या जेबीएलला उच्च स्वरच नाहीत’ ही तक्रार खरे तर त्या फिरकीची असते. चारपाचदा पूर्ण फिरवून घेतली की बहुधा सुधारते, नाही तर उघडून साफ करावी लागते.

प्रश्न : क्रॉसओव्हरमधले (वूफर-ट्वीटरला आपापले स्वर वाटून देणाऱ्या मंडलातले) कपॅसिटर बदलावेत का? मूळचा आवाज जाईल अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे, परंतु ती उलट बाजूने पाहावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतात. त्यांचे मूल्य सरकते आणि आतला रोध वाढतो, म्हणून उच्च स्वर मंदावतात. अशा स्पीकरमधून आज जे ऐकू येते तो ‘मूळचा’ आवाज नव्हेच. एक पाय सोडवून मीटरवर मोजावा, छापील मूल्यापासून फार ढळला असेल तर त्याच मूल्याचा बसवावा, आणि जोडीतल्या दोन्ही स्पीकरांचे काम एकाच वेळी करावे. महागडे, ‘सुधारित’ भाग घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग तुलना त्या मॉडेलची राहत नाही, दुरुस्ती करणाऱ्याच्या आवडीची होते.

प्रश्न : आवाजाची पातळी जुळवण्यावर आपण इतका भर का देता?

कारण कानाला जरासा मोठा आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. अर्ध्या डेसिबलचा फरक पुष्कळदा मोठेपणा म्हणून जाणवतच नाही. तो स्पष्टपणा, भरीवपणा किंवा जिवंतपणा म्हणून जाणवतो. शिवाय कमी पातळीवर आपल्या कानाला मंद्र स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवले होते. म्हणजे पातळी बदलली की स्वरांचा तोलही बदलतो.

जुन्या मॉनिटरांच्या बाबतीत ही अडचण फार मोठी आहे. एलएस ३/५ए ची संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर निघणारा आवाज) सुमारे ८२ ते ८३ डेसिबल, तर एनएस-१० ची ९० डेसिबल. साडेसात डेसिबलचे अंतर धरले तर तेवढाच आवाज काढण्यासाठी एलएस ३/५ए ला जवळपास २.४ पट व्होल्टेज द्यावे लागते. एकाच ॲम्प्लिफायरवर आवाजाची फिरकी न हलवता तारा बदलून दोन्ही ऐकले, तर बिचारा एलएस ३/५ए दबलेला आणि निर्जीव वाटणारच, आणि ऐकणारा तसा निकालही देऊन मोकळा होतो. असे निकाल मी डोळ्यांदेखत लागलेले पाहिले आहेत.

पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखी ताकद असलेला सळसळता आवाज) लावून, ऐकण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ध्वनिपातळीचा मापक ठेवून, दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत, जमल्यास त्याहून जवळ आणाव्यात. मोबाइलवरचे ॲप खरी पातळी अचूक सांगेलच असे नाही, पण दोन आवाजांतला फरक पाहण्यापुरते ते उपयोगी पडते. मापक हातात धरू नये, स्टँडला बांधावा.

प्रश्न : दोन जोड्या शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या तर काय बिघडते?

बिघडते ते जागेमुळे. स्पीकरच्या पुढच्या पृष्ठापासून मागची भिंत जितकी दूर, त्यावरून एक विशिष्ट स्वर भिंतीवरून परतून येताना मूळ स्वराला मारतो. तो स्वर असा की त्याच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा त्या अंतराएवढा असतो. हे अंतर ६२ सेंटिमीटर असेल तर हिशेबाने १३८ हर्ट्झच्या आसपासचा स्वर पातळ होतो. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज नेमका तिथेच, १३८.६ हर्ट्झवर आहे. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्जच त्या जागी क्षीण ऐकू येईल, आणि वीस सेंटिमीटर पुढे ठेवलेला दुसरा स्पीकर ‘गायकाला जास्त छाती देतो’ असे आपण म्हणू. दोष कोणाचाच नाही, अंतराचा आहे.

यावर उपाय एकच : दोन्ही जोड्यांनी आळीपाळीने तीच जागा घ्यावी. जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि स्टँड असे घ्यावेत की दोन्हींचे ट्वीटर कानाच्या उंचीला येतील. बदलण्यात एखादे मिनिट जाते आणि स्मरणशक्तीवर थोडा ताण येतो, पण शेजारी ठेवून होणाऱ्या फसवणुकीपेक्षा ते पत्करलेले बरे.

प्रश्न : आमची खोली साधीच आहे, १० बाय १२ फुटांची. तीत ही तुलना होऊ शकेल का?

होऊ शकेल, खोलीचा स्वभाव मात्र ओळखून घ्यावा. इंदूरच्या पुष्कळ जुन्या घरांत अशाच खोल्या आहेत : फरशीची जमीन, जाड भिंती आणि १० फुटांवर छत. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास एक स्वर घुमतो आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपास दुसरा. इथे रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे तो ५६ चा स्वर दोन दिशांनी एकावर एक चढतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमक त्या खोलीत फुगलेली वाटली, तर आधी खोलीवर संशय घ्यावा. जमिनीवर सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट आणि बाजूला दोन जाड गोधड्या टांगल्या तरी वरच्या स्वरांचे घुमणे बरेच कमी होते; खालच्या स्वरांना मात्र गोधडीने फरक पडत नाही.

छताचा पंखा बंद करावा. त्याची पाती आवाजाला सतत कापत राहतात आणि तानपुऱ्याच्या लांब स्वरात एक थरथर येते, जी नंतर स्पीकरच्या नावावर जमा होते. कूलर तर बंदच हवा. म्हणून मे महिन्यात आम्ही पहाटे ऐकतो.

प्रश्न : एक स्पीकर ऐकावा की जोडी?

दोन्ही, पण सुरुवात एकाने करावी. ध्वनिसंशोधक डॉ. फ्लॉइड टूल यांच्या प्रयोगांतून दिसले की एकाच स्पीकरवर ऐकताना श्रोत्यांना स्पीकरांतले फरक अधिक ठळकपणे कळतात. स्टिरिओत ध्वनिमुद्रणातला विस्तार आणि अवकाश मन गुंतवून ठेवतो आणि रंगातले दोष झाकले जातात.

प्रश्न : ॲम्प्लिफायर कोणता असावा?

दोन्हींसाठी एकच, पुरेशा ताकदीचा, आणि ज्याच्यावर स्पीकरच्या बदलत्या ओहमचा परिणाम होत नाही असा. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर १५ ओहमचा आणि ८ ओहमचा स्पीकर ऐकून तुलना करणे म्हणजे ॲम्प्लिफायरची तुलना करणे होय. एलएस ३/५ए ला ताकद लागत असली तरी त्यात फार मोठे वॅट ओतू नयेत. तो लहान खोलीत, मर्यादित पातळीवर वाजवण्यासाठीच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जेबीएलच्या जुन्या ड्रायव्हरांत लाल टोकाला धन दिले की कोन बाहेर येण्याऐवजी आत जातो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहिले की हे कळते. एकट्या जोडीला त्याने बाधा येत नाही, पण एका बाजूचा वूफर कधी दुरुस्त झाला असेल आणि कोणी टोके उलटी जोडली असतील, तर मंद्र स्वर नाहीसे होतात.

प्रश्न : तुलनेसाठी काय ऐकावे? कंपन्यांच्या चाचणी-तबकड्या घ्याव्यात का?

जे आपण प्रत्यक्ष, स्पीकरविना, अनेकदा ऐकले आहे ते ऐकावे. माझ्या लेखी या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली कसोटी बोलण्याची. बीबीसीचे अभियंते स्टुडिओत बोलणाऱ्या माणसाचा प्रत्यक्ष आवाज आणि शेजारच्या खोलीतल्या स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज ताडून पाहत असत. हे आपल्याला घरी सहज करता येते. घरातल्या कोणाला तरी बाहेर गच्चीवर, भिंतींपासून दूर बसवून दोन मिनिटे वाचायला लावावे, बऱ्या मायक्रोफोनने ते मुद्रित करावे, आणि नंतर तीच व्यक्ती शेजारी असताना ते वाजवावे. मराठीत यासाठी एक नैसर्गिक सोय आहे. ‘चाक’ मधला च आणि ‘चहा’ मधला च वेगळे आहेत. पहिल्यात दातांमागून सुटलेल्या हवेची सळसळ असते, दुसऱ्यात जीभ टाळूला लागते. ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक मधल्या स्वरांत आहे. ज्या स्पीकरवर हे दोन्ही भेद कान न ताणता कळतात, तो मधल्या आणि वरच्या स्वरांत प्रामाणिक आहे असे खुशाल समजावे.

दुसरी कसोटी तानपुऱ्याची. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास, जोडीच्या तारा १३८.६ वर आणि खर्जाची तार ६९ वर लागते. एलएस ३/५ए चा पल्ला ८० हर्ट्झपासून वर दिलेला आहे, म्हणजे खर्जाचा मूळ स्वर त्याच्या हद्दीबाहेर पडतो. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण त्याच्या वरच्या अंशस्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच रचतो. म्हणून प्रश्न ‘खर्ज येतो का’ हा नसून ‘खर्जाच्या तारेला लाकडाचा धक्का येतो का’ हा आहे. माझ्याकडे मिरजेचा एक तानपुरा आहे. तो स्पीकरांच्या मधोमध ठेवून आधी प्रत्यक्ष छेडतो, मग त्याचेच मुद्रण लावतो. खर्जाची तार सुटल्यावर भोपळा मांडीला जो हलका हादरा देतो, तो लहान मॉनिटर देऊ शकत नाहीत. पंधरा इंची टॅनॉयवर मात्र तो पायांखालच्या फरशीत जाणवतो. उलट जवारीतून (घोडीवर तार हलकेच घासते तिथून) निघणारी, वर वर चढत जाणारी अंशस्वरांची पट्टी एलएस ३/५ए इतकी सलग, मध्ये सांधा न जाणवता, मी फार थोड्या स्पीकरांवर ऐकली आहे.

तिसरी कसोटी गाण्याची. इंदूरकराला यासाठी लांब जावे लागत नाही. उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित झूमरा तालातला ख्याल घ्यावा. मंद्रात स्वर घनदाट, लय इतकी संथ की प्रत्येक स्वराचा आरंभ, मुरणे आणि विरणे वेगवेगळे ऐकायला अवसर मिळतो. ज्या स्पीकरच्या खोक्याची भिंत घुमते, त्याला ही गायकी लगेच पकडून देते : स्वर संपला तरी खोके बोलत राहते. देवासच्या कुमारजींचे तुटक, अचानक फेकलेले स्वर याच्या नेमके उलट काम करतात. तिथे स्पीकर किती चटकन सुरू होतो आणि किती चटकन थांबतो हे कळते. याच इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लतादीदींची जुनी चित्रपटगीते लावली, तर मधल्या स्वरांचा चढ असलेला स्पीकर तार सप्तकात कानाला टोचू लागतो.

प्रश्न : एलएस ३/५ए आणि एनएस-१० समोरासमोर ऐकल्यावर नेमके काय आढळते?

पातळी जुळवून, एकाच जागी, सुस्थितीतल्या जोड्या ऐकल्या तर पहिल्याच वाक्यात फरक कळतो. एलएस ३/५ए वर बोलणारा माणूस स्पीकरच्या थोडा मागे, भरल्या अंगाचा उभा राहतो. या भरलेपणात मंद्राच्या वरच्या भागात मुद्दाम ठेवलेल्या हलक्या उभाराचाही वाटा आहे, ज्यामुळे एवढे छोटे खोके मोठे वाटते. एनएस-१० वर तोच माणूस दोन पावले पुढे येतो, अंगाने बारीक होतो, आणि त्याच्या प्रत्येक व्यंजनाला धार चढते. दीड ते दोन किलोहर्ट्झच्या सुमारास त्याचा स्वर चांगलाच वर उचललेला आहे आणि मंद्र लवकर उतरते.

यावरून एनएस-१० वाईट ठरवणे अन्याय होईल. तो बंद खोक्याचा आहे, आणि त्याच्या खालच्या स्वरांचे विरणे विलक्षण जलद आहे. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी २००१ साली अनेक मॉनिटरांशी ताडून पाहून हेच त्याच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण असावे असे मांडले. डग्गा आणि पखवाज यांची थाप नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे तो जसे दाखवतो, तसे एलएस ३/५ए दाखवत नाही. मिश्रणात तबला आणि गळा यांचा तोल ठरवायचा असेल तर मी एनएस-१० कडे वळतो. गळ्याची जात ओळखायची असेल तर एलएस ३/५ए. संध्याकाळी काही काम नसताना मारवा ऐकायचा असेल, तर एनएस-१० झाकून ठेवतो.

प्रश्न : एनएस-१० च्या ट्वीटरवर टिश्यू पेपर लावावा का?

जुन्या आवृत्तीचे उच्च स्वर तीव्र वाटत म्हणून काही अभियंत्यांनी ही युक्ती काढली होती. कागदाच्या जातीप्रमाणे परिणाम बदलतो आणि उच्च स्वर समान कमी न होता खाचाखाचांनी कमी होतात. स्टुडिओ आवृत्तीत कंपनीनेच उच्च स्वर मवाळ केले. तुलना करताना कागद नसावा.

प्रश्न : मोठे जेबीएल किंवा टॅनॉय लहान मॉनिटरांच्या पंगतीत बसवावेत का?

एका मर्यादेतच. बारा किंवा पंधरा इंची मॉनिटर जवळून ऐकण्यासाठी नसतात. मीटरभर अंतरावर ४३१० चे तीन ड्रायव्हर तीन वेगळ्या जागांतून बोलतात, ते एकजीव व्हायला निदान दोन-अडीच मीटर लागतात. टॅनॉय एकाच अक्षावर असल्याने जवळूनही सांधलेला राहतो, ही त्याची खरी थोरवी. मोठ्या मॉनिटरचा जो गुण लहानांना कधीच येणार नाही, तो म्हणजे जोरकस पातळीवरही न दमणे. सनई-चौघडा त्यांच्यावर ऐकला की हे पटते.

प्रश्न : डोळे बांधून ऐकणे खरोखर आवश्यक आहे का?

होय. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर तेच श्रोते घेऊन उघड आणि पडद्याआड असे दोन्ही प्रकारे ऐकवले. रूप, आकार आणि नाव दिसताच गुण बदलले, आणि अनुभवी श्रोतेही त्यातून सुटले नाहीत. आमच्याकडे यासाठी पातळ मलमलीचा पडदा आहे. जाड पडदा वरचे स्वर खातो, म्हणून मलमलच घ्यावी. मागे स्पीकर बदलणाऱ्याने बोलू नये, आणि काही वेळा बदलल्याचे नाटक करून तीच जोडी पुन्हा लावावी. त्या वेळीही ‘हा वेगळा आहे’ असे जो सांगतो, त्याची त्या सत्रातली बाकीची मते जपून वाचावीत.

प्रश्न : टिपणे काढताना कोणते शब्द वापरावेत?

आपल्या भाषेत पुरेसे नेमके शब्द आहेत, फक्त ते सगळ्यांनी एकाच अर्थाने वापरावेत. आम्ही दोनशे-तीनशे हर्ट्झच्या फुगवट्याला ‘कोंदट’ म्हणतो, हजाराच्या आसपासच्या चढाला ‘नाकातला’, दोन ते चार हजारांतल्या चढाला ‘चिरका’, आणि स-श टोचू लागले की ‘सकार बोचतो’ असे लिहितो. खोके घुमत असेल तर ‘डबा’. ‘गोड’, ‘जादुई’, ‘जिवंत’ हे शब्द आम्ही टिपणवहीतून वर्ज्य केले आहेत, कारण दोन माणसांचा ‘गोड’ एक नसतो.

प्रश्न : मोजमाप करावे की कानावर विसंबावे?

मोजमाप आधी करावे. मोजमापाचा साधा मायक्रोफोन आणि संगणकावरचा मोफत कार्यक्रम एवढ्याने डावा-उजवा स्पीकर सारखा आहे की नाही हे दहा मिनिटांत कळते. माझ्या त्या बदललेल्या कोनच्या जोडीला मी पहिल्याच दिवशी मोजले असते, तर तीन महिने वाचले असते.

प्रश्न : इंटरनेटवरच्या चित्रफितींतून तुलना ऐकून खरेदी ठरवता येईल का?

नाही. त्यात त्या स्पीकरचा, त्या खोलीचा, त्या मायक्रोफोनचा आणि शेवटी आपल्या स्वतःच्या स्पीकरचा असे चार रंग एकमेकांत मिसळलेले असतात.

प्रश्न : एका बैठकीत किती वेळ ऐकावे?

वीस मिनिटे ऐकावे, मग दहा मिनिटे शांत बसावे; असे तीन वेळा झाले की त्या दिवसापुरते थांबावे. थकलेल्या कानाला चिरका स्पीकर स्पष्ट वाटू लागतो. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून तेच ऐकावे. जी जोडी दोन्ही दिवशी, पडद्याआडून, त्याच टिपणांनिशी ओळखू आली, तिच्याबद्दलचे मत वहीत शाईने लिहावे, बाकीचे पेन्सिलीने.